पहिली ठासणीची बंदूक घेताना



भात पसवू लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. आषाढात करपा आणि खोडकिडा यांची विचारणा असते, भाद्रपद उजाडला की रानडुकराची. "एका रात्रीत अर्धा कोपरा लोळवला, आता बंदूक घ्यावी म्हणतो, कोणती घेऊ?" अशी पत्रे सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरच्या घाटाकडील गावांतून जास्त येतात. कार्यक्रमात वेळ थोडा असतो, म्हणून या पत्रिकेत सविस्तर सांगतो. मी शेतीचा पदवीधर, बंदुकीचा कारागीर नव्हे. पण आमच्या घरी शेती संरक्षणाची बंदूक होती, आणि तिने आम्हाला जे शिकवले ते महाग पडले. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी, कशासाठी हवी ते ठरवा

पुष्कळांच्या मनात बंदूक म्हटली की शिकार येते. हे डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि त्याप्रमाणे हौसेची शिकार बंद आहे. रानडुकर 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते उभ्या पिकाचे नुकसान करीत असेल तर त्याला मारण्याची परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतो, त्यासाठी अर्ज जवळच्या वनक्षेत्रपालाच्या कचेरीत करावयाचा. परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारचे असते. त्याचे वाटे घालणे हा गुन्हा आहे, मग पंगतीत कोणीही बसलेले असो.

म्हणजे दोन कागद वेगवेगळे आहेत, हे नीट समजून घ्या. बंदूक बाळगण्याचा परवाना जिल्हाधिकारी देतात. जनावर मारण्याची परवानगी वनखाते देते. पहिला हातात आहे म्हणून दुसरा मिळाला असे होत नाही. वर्षाचे बाकी दिवस ही बंदूक राखणीची, आवाजाने जनावर उठवण्याची. ज्याला एवढ्यासाठी ती जड वाटते त्याने घेऊच नये. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते, त्याची चौकशी आधी करा. चार जणांचे कोपरे लागून असतील तर एक कुंपण चार बंदुकांपेक्षा जास्त राखण करते, हे मी पाहिलेले आहे. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाका, मग बंदूक असो वा नसो. आणि कुंपणाच्या तारेत घरच्या विजेचा प्रवाह सोडणे किंवा पिठात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवणे, हे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात शेजाऱ्याची म्हैस मेलेली आहे आणि माणसेही गेलेली आहेत.

ठासणीचीच का?

कारण कायद्यातच तसे म्हटले आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा अशी तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. तेव्हा पहिल्या अर्जात ठासणीचीच मागावी.

हल्ली मुंबईचा किंवा परदेशातला भाचा मोबाईलवर अमेरिकेतल्या ठासणीच्या बंदुका दाखवतो आणि "मामा, अशी घे" म्हणतो. त्या बंदुकांना तिकडे इनलाईन म्हणतात. टोनी नाईट नावाच्या मिसुरीतल्या कारागिराने 1985 साली तसली एक बंदूक बाजारात आणली आणि तिकडे तिचा बोलबाला झाला. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगामच वेगळा असतो, त्यासाठी लोक त्या घेतात. आपल्या बंदुकीत घोडा नळीच्या बाजूला किंवा वर असतो, निपलवरची केप फुटली की ठिणगी वळणाने दारूपर्यंत जाते. इनलाईनमध्ये ती नळीच्या मागून सरळ रेषेत जाते, त्यामुळे बार चुकण्याचे प्रमाण कमी. शिवाय नळीचे मागचे बूच काढता येते, म्हणून साफसफाई आरपार होते. पण तिच्या नळीत आटे असतात, ती रायफलच होय. शेती संरक्षणाचा परवाना गुळगुळीत नळीचा. भाच्याला सांगा, चित्र छान आहे. आपण त्यातून एवढेच घ्यायचे की ठिणगीची वाट मोकळी हवी आणि नळी आतून दिसली पाहिजे. आपल्या बंदुकीत या दोन्ही गोष्टी मुद्दाम तपासाव्या लागतात.

आजोबांची की नवी?

कोकणात हा प्रश्न दर दुसऱ्या घरात आहे. माळ्यावर आजोबांची बंदूक असते. आजोबा वारले, परवाना त्यांच्याच नावावर राहिला. अशी बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा आहे, ती "आमचीच" असली तरी. परवानाधारक गेल्यावर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. परवाना मिळाला की ती सोडवता येते. बंदुकीवर कारखान्याचे नाव आणि नंबर कोरलेला असला पाहिजे. तो नसेल, घासलेला असेल, तर ती विकत घेऊ नका आणि फुकटही घेऊ नका. नंबर पुसलेली बंदूक म्हणजे कोर्टाची वाट.

आता कागद सरळ आहेत असे धरू. मग आजोबांची वापरावी की बिहारमधल्या मुंगेरच्या किंवा दुसऱ्या परवानाधारक कारखान्याची नवी घ्यावी? हे नळीवर ठरते. दस्ता, पितळी फुले, नक्षी यांच्याकडे बघू नका. दस्ता सुतार बदलून देईल, नळी कोणी बदलून देत नाही.

नळी बघायची ती अशी. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. कशी, ते पुढे गजाच्या खुणेत सांगितले आहे. मग नळी दस्त्यापासून सुटी करायला लावा. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू द्या. तोंडातून बारीक टॉर्च दोरीने आत सोडा आणि बाजूने बघा, डोळा थेट तोंडावर धरू नका. आतले अंग सारखे, चकचकीत किंवा निदान सारखे करडे दिसले पाहिजे. तांबूस चट्टे दिसले तर गजाला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत फिरवा. फडक्यावर नुसती तांबडी धूळ आली तर तो वरवरचा गंज, तेलाने जाईल. पण गज अडखळत असेल, खडबडीत लागत असेल, तर गंजाने लोखंड खाल्लेले आहे. बहुतेक वेळा हे खाणे तळाशी असते, जिथे दारू बसते. म्हणजे जिथे जोर सर्वांत जास्त, तिथेच नळी सर्वांत पातळ.

यानंतर नळी उजेडाकडे आडवी धरा आणि तिच्या पाठीवरून लांबवर नजर टाका, जसे आपण नांगराचा हाळीस सरळ आहे का ते बघतो. उजेडाची रेघ तोंडापर्यंत अखंड गेली पाहिजे. मध्येच ती वाकली किंवा अंगठीसारखी सावली पडली तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून बोटाला लागणारही नाही इतका फुगा असतो, पण एकदा फुगलेली नळी पुढच्या खेपेला कुठे फाटेल हे कोणी सांगू शकत नाही. अशी बंदूक आजोबांची असो नाहीतर पणजोबांची, तिचा मान राखायचा असेल तर ती जमाच राहू द्या.

नवी घेताना नळीवर चाचणीचा ठसा विचारा आणि बिलावर नंबर लिहून घ्या.

घोडा, चाप आणि निपल

घोड्याला दोन थांबे असतात. अर्धा ओढला की एक खट्ट, पूर्ण ओढला की दुसरा. अर्ध्या घोड्यावर चाप कितीही जोराने ओढा, घोडा पडता कामा नये. हे रिकाम्या बंदुकीवर, केप न लावता, अंगठ्याने घोडा धरून तपासा. निपलवर कोरडा घोडा आपटू नका, निपल चेपते. मग पूर्ण घोडा ओढून, अंगठा घोड्यावरच ठेवून, दस्त्याला तळहाताने दोनचार थापा मारा. अंगठ्याला घोडा सुटल्याचे जाणवले तर ती बंदूक बांधावरून चालताना ठेच लागली की उडेल. दुसरीकडे चाप इतका जडही नको की ओढताना नळी हलेल.

निपल चावीने काढून बघा. त्याचे आटे झिजलेले असले तर ते बारासरशी मागे उडते, आणि मागे आपले कपाळ असते. भोक मोकळे आहे का ते तारेने पाहा. निपल स्वस्त आहे, जोडीला एक नवे घेऊन ठेवा.

नळी एकच घ्यावी. पहिल्यांदा बंदूक घेणाऱ्याने दुनळीच्या मोहात पडू नये. एका नळीचा बार काढल्यावर हिसक्याने दुसऱ्या नळीतला बोळा पुढे सरकतो, आणि अंधारात, घाईत, कोणती भरली कोणती नाही हे भल्याभल्यांना राहत नाही.

अंगाला बसते का तेही बघा. दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत ठेवून हात काटकोनात मुडपला की बोट चापावर सहज आले पाहिजे. बंदूक घरात कोण वापरणार, त्याच्याच हाताने हे माप घ्या. परवाना बापाच्या नावाचा आणि राखणीला मुलगा, असे चालत नाही. राखणीला जाणाऱ्यानेच आपल्या नावाने अर्ज करावा, प्रशिक्षणाचा दाखलाही त्याचाच लागतो. फार हलकी बंदूक खांद्याला जोरात लागते आणि मग माणूस बाराच्या आधीच डोळे मिटतो. थोडी जड असलेली बरी. मांगराच्या पडवीत बसून राखण करायची आहे, डोंगर चढायचा नाही.

गजावरची खूण

आता ती हकीकत. मी आठवीत होतो. चुलते संध्याकाळी बंदूक भरून राखणीला गेले, डुकर आले नाही, सकाळी केप काढून बंदूक खुंटीला लावली. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे त्यांच्या मनाने घेतले. मध्ये पंधरा दिवस पाऊस. नंतर एके दिवशी माकडे आली म्हणून घाईने पुन्हा दारू घातली, पुन्हा ठासली आणि बार काढला. नळी मधोमध फाटली. डाव्या हाताची दोन बोटे जागेवरच गेली. माझ्या बहिणीला गडग्यापलीकडे उडालेला लोखंडाचा तुकडा सापडला, ती त्या वेळी तिथून जेमतेम वीस पावलांवर शेण गोळा करीत होती. चुलते पुढे तीस वर्षे शेती करीत होते, पण लावणीला मूठ सोडताना त्यांचा हात बघितला की आम्ही दुसरीकडे बघायचो.

हे टाळायला एक पैसा लागत नाही. बंदूक घेतली त्या दिवशी, रिकामी असताना, गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने गोल खूण करा. ही रिकामीची खूण. नंतर जाणत्या माणसासमोर, कारखान्याने सांगितलेल्या मापाने भरल्यावर, पुन्हा गज सोडून दुसरी खूण करा. ही भरलेलीची. जेव्हा जेव्हा बंदूक हातात घ्याल, निदान घोडा अर्धा आणि केप काढलेली असताना, गज सोडून बघा. पहिली खूण तोंडाशी आली तर रिकामी. दुसरी आली तर भरलेली, आणि बोळा दारूला टेकलेला आहे. दुसऱ्या खुणेपेक्षाही गज वर राहिला तर आत दोन ठास आहेत, किंवा बोळा मध्येच अडकून खाली पोकळी राहिली आहे. दोन्हीत नळी फुटते. अशा वेळी "एकदा उडवून मोकळी करू" असे मुळीच करू नका. निपल काढा, त्या भोकातून पाणी घालून दारू पुरती भिजवा आणि जाणत्याकडून गजाच्या स्क्रूने बोळा ओढून काढा. म्हणून बंदूक घेताना गजाला स्क्रूची टोके बसतात का ते विचारा. गज चिरलेल्या लाकडाचा असला तर ठासताना मोडून हातात घुसतो, पितळी टोकाचा मजबूत गज घ्या.

दारूबाबत तीन गोष्टी

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू कोणी आणून देईल, "थोडीशीच घाल, जोर जास्त" म्हणेल. ती या नळीसाठी नाहीच, चिमूटभरानेही नळी फाटू शकते. दुसरे, दारू आणि केपा परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून, आणि परवान्यात लिहिली आहे तेवढीच. तिसरे, डब्यातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर डबाच हातात पेटतो. माप वेगळे ठेवा, त्यातून ओता. डबा चुलीपासून आणि बिडीपासून लांब, कुलुपात.

केप फुटली आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान दोन मिनिटे तसेच उभे राहा. दमट दारू कधी कधी उशिरा पेटते. नळीच्या तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे, ती मोडा.

काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते. कोकणातल्या दमटात एक रात्र न धुतलेली नळी सकाळी तांबडी होते. बार काढला त्याच दिवशी निपल काढून, साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्याने लोखंड तापते म्हणून लवकर सुकते. मग कोरडे फडके, मग तेलाचे फडके. भरण्यापूर्वी मात्र तेल पुसून काढा, नाहीतर दारू भिजते आणि ऐन वेळी नुसती केप टचकते. ज्याला हे रोज करायचा कंटाळा आहे त्याने नवी घेतली तरी दोन पावसाळ्यांत ती आजोबांच्या बंदुकीसारखी होईल.

शेतात

सळसळ ऐकून बार काढू नका. उसात, भातात, काजूच्या बागेत रात्री जे सळसळते ते डुकरच असते असे नाही. पलीकडच्या बांधावर शेजारीही राखणच करीत असतो, आणि तोही तुमच्यासारखाच अंधारात गप्प बसलेला असतो. आपल्याकडे अशा बारात माणसे गेली आहेत आणि घरे वैरी झाली आहेत. राखणीला बसण्यापूर्वी दोन्ही बांधांवरच्यांना सांगा, कोण कुठे बसणार ते ठरवा, बॅटरीचा इशारा ठरवा. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे मातीचा चढ किंवा उंच बांध असल्याशिवाय चापावर बोट नेऊ नका. परवानगी असली तरी बारीक छऱ्यांनी मोठ्या डुकराला मारायला जाऊ नका. ते मरत नाही, जखमी होते, आणि सकाळी गवत काढायला जाणाऱ्या बाईच्या अंगावर येते.

नुसता आवाज करायचा असेल तरी नळी वर आणि मोकळ्या बाजूला धरा. पेटता बोळा लांब जातो. कापणीनंतर उडवी रचलेली असताना बार काढणे म्हणजे स्वतःच्या पेंढ्याला आग लावणे.

कागदपत्र

अर्जासोबत सातबारा आणि आठ-अ जोडा, पिकाचे नुकसान झाल्याचे पंचनामे असतील तर त्यांच्या प्रती जोडा. पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून पाऊस सुरू होण्याची वाट न बघता उन्हाळ्यातच अर्ज करा. परवाना 2019 च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा, तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. परवाना हाती आल्यावर त्यात लिहिलेल्या मुदतीत बंदूक घेऊन तपासणीला दाखवावी लागते, तेव्हा विक्रेत्याकडे आधीच बघून ठेवा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात मिळेल ती उचलावी लागणार नाही.

निवडणुका आल्या की बंदूक जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ऐन भात तयार असताना ती आली की राग येतो, मलाही येतो. पिकाची अडचण असेल तर त्याच नोटिशीच्या उत्तरात लेखी कळवावी, नुसते चावडीवर बोलून उपयोग नाही. जमा करावीच लागली तर आदल्या दिवशी धुऊन, आतून बाहेरून जाडसर तेल लावून द्या, कारण तिथे ती महिना दोन महिने कोणी हातात घेणार नाही. पावतीवर बंदुकीचा नंबर, गज आणि पट्टा यांचा उल्लेख करून घ्या. परत आणल्यावर भरण्याच्या आधी नळीत पुन्हा टॉर्च सोडा, आणि गजाची खूण बघा.